वाळूतला नांगर

समुद्रकाठच्या वीक गावात सगळे म्हणत, वीब्केच्या पायाला भिंगरी आहे. नवरा यॉखन होडी घेऊन हेरिंग माशांमागे गेला की ही जाळं हातात घेऊन दाराशी बसायची. बसली म्हणावं तर उठलेली असायची.

त्या दुपारी वारा फिरला तशी ती किनाऱ्यावर धावली. तिथं चित्रकार हेर, म्हणजे श्रीयुत, लुडॉल्फ दगडावर बसून पेन्सिल चालवत होते. ती मागून डोकावली. भर दुपारी कागदावरच्या आभाळात चंद्र. लांब यॉखनची होडी. शिडाच्या ठिगळावरून तिनं ती ओळखली. आणि पुढ्यात, वाळूत रुतलेला होडीचा नांगर. एक दात वाकडा. म्हणजे यॉखनचाच!

"अहो, हा नांगर कुठं पाहिलात?"

हेर लुडॉल्फनी डोळे अर्धे मिटले. चर्चमधल्या ऑर्गनसारखा त्यांचा आवाज नाकातून निघे. "बाई, नांगर म्हणजे आशा! चंद्र म्हणजे तारणहार! आणि ती नौका म्हणजे मानवी आत्मा, पैलतीराकडे..."

"आत्मा कसला, माझा नवरा आहे तो! नांगर इथं वाळूत, मग वादळात होडी कशाला धरून राहणार? तुमच्या आशेला?"

"आशेला वजन नसतं, बाई."

"तेच तर म्हणतेय मी!"

ती खोपटाकडे पळाली. नांगराची जागा रिकामी होती. होडीत चढवला, की किनाऱ्यावरच विसरला? तिनं शेवाळाचे ढीग लाथांनी उपसले. काहीच नाही. धापा टाकत ती परत आली.

"खरं सांगा. कधी पाहिलात?"

"काल. तुमच्या दारात."

"आणि आज?"

"आज... मनश्चक्षूंनी."

"त्या चक्षूंपायी माझा नवरा बुडवू नका. पुसा आधी!"

पेन्सिल पुसायला पावाचा गाभा लागतो. तिनं पदरचा पाव मोडून दिला. हेर लुडॉल्फ उसासे टाकत घासत राहिले. नांगर फिकटला, पण पुरता गेला नाही. वीब्के कधी कागदाकडे बघे, कधी पाण्याकडे.

दिवस कलता ठिगळाचं शीड दिसलं. यॉखन उतरला आणि त्यानं वाकड्या दाताचा ओला नांगर धप्पकन वाळूत टाकला.

"आशा!" हेर लुडॉल्फ किंचाळले.

"आता चितारा परत कागदावर," वीब्के म्हणाली. "पण होडीही इकडंच येताना काढा."

"म्हणजे आत्मा पैलतीराला जायचाच नाही?"

"नाही. जेवायचाय तो अजून."