दोघांचं सामान

मधूच्या मुलीचा, सारिकाचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या आमच्या घराच्या गॅलरीत सायकलच्या चाकात हवा भरत होतो. "काका, बाबा गेले… खळ्यावर भात झोडत होते. दम लागला म्हणून बसले, ते बसलेच." पुढं ती काय बोलली ते मला आठवत नाही. किन्हवलीला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि खळ्यावर अर्धे भारे झोडायचे राहिले होते. मधू वेखंडे, वीज खात्यातला निवृत्त वायरमन, माझा वीस-बावीस वर्षांचा सायकलीवरचा सोबती. आता महिना उलटून गेला. एवढ्या दिवसांत जे कुणाला बोललो नाही, ते लिहून तरी टाकावं म्हणून बसलो आहे.

आमची ओळखच सायकलीमुळं झाली. मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. सुट्टीच्या दिवशी शहापूर, किन्हवली, मुरबाड असा फेरा मारायची नवी हौस लागली होती. एकदा किन्हवलीच्या पुढं कॅरिअरचा नट पडला आणि पाठीमागची पिशवी चाकात गेली. मी रस्त्यात उकिडवा बसलेला, तर वरून आवाज आला, "हात नको लावू रे, बोटं जातील!" बघतो तर खांबावर एक माणूस. हातातलं काम संपवून तो सावकाश खाली आला, खिशातून नट काढला, पान्ह्यानं आवळला आणि माझी पिशवी हातात तोलून म्हणाला, "चाललास कुठं? संसार मांडायला?"

सामान भरायचं मी त्याच्याकडूनच शिकलो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याच्या ओटीवर चादर पसरायची आणि नेणार ते सगळं तिच्यावर मांडायचं. तांदूळ, डाळ, सुकटीची चटणी, मच्छरदाणी, ताडपत्री, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, नायलॉनची दोरी. मग तो एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारायचा, "ही नसली तर अडंल का?" माझ्या सामानातलं निम्मं तिथंच गळायचं. जाडजूड टॉवेल, दुसरी चप्पल, वाचायला घेतलेलं पुस्तक… पुस्तकावरून आमचं दर वेळी भांडण व्हायचं, आणि दर वेळी ते घरी राहायचं. पिशव्या त्यानं स्वतः शिवलेल्या, वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सच्या. छापील बाजू आत. तांदूळ काढायला हात घातला की आत कुणीतरी पुढारी हात जोडून हसत असायचा. जड ते खाली, हलकं ते वर, आणि दोन्ही पिशव्या काट्याला टांगून सारख्या करायच्या. "एक बाजू जड झाली का सायकल रुसते," म्हणायचा. या पिशव्या घेऊन आम्ही माळशेज चढलो, जुन्नर पाहिलं, ओतूरला एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. पिशवीत पाणी कधी गेलं नाही.

एकच बेत राहिला होता. अलिबागहून समुद्राच्या कडेकडेनं खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. मधूनं समुद्र नीट असा पाहिलाच नव्हता. मीच म्हणायचो, जाऊ रे, यंदाच्या थंडीत नक्की जाऊ. एका वर्षी माझ्या मुलीचं लग्न निघालं, दुसऱ्या वर्षी माझा गुडघा. ही कारणं खरी होती. तिसऱ्या वर्षीचं मात्र खरं नव्हतं. तोवर मी कल्याणच्या एका सायकल ग्रुपमध्ये जाऊ लागलो होतो. डॉक्टर, इंजिनिअर अशी मंडळी. हलक्या गिअरच्या सायकली, घडी केली की काखेत मावणारे तंबू, परदेशी बनावटीच्या पिशव्या. मीही सगळं नवं घेतलं आणि मधूला सांगितलं नाही.

त्यांच्याबरोबर माळशेजला निघालो तेव्हा टोकावड्याला एका ढाब्यावर चहाला थांबलो होतो. समोरच्या खांबावर काम चाललं होतं. मी मान वर केली नाही, पण वरून मधूनं मला पाहिलं होतं. खाली उतरून तो सरळ आला. हेल्मेट, घट्ट कपडे घातलेली आमची माणसं त्याच्याकडे बघू लागली. कुणीतरी विचारलं, "ओळखीचे का?" आणि मी म्हणालो, "हो, आमच्या इकडचे वायरमन आहेत."

मित्र हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही.

मधूनं ते ऐकलं. त्यानं माझ्या नव्या सायकलीभोवती एक फेरी मारली, मागं उंच बांधलेला तंबू हातानं हलवून पाहिला. "समदं मागंच लादलंस. चढाला पुढचं चाक उचलंल, उताराला शेपूट हलंल." मी काही म्हणायच्या आत त्यानं पट्टे सोडले, जड सामान खाली घेतलं, तंबू आडवा करून बांधला, कॅरिअरचा नट तपासला. मी कप हातात धरून उभा होतो. काम झालं तसा तो हात पुसत म्हणाला, "घाट उतरताना ब्रेक एकसारखा दाबून नको धरू. सोडत दाब… जा." आणि पुन्हा खांबाकडे गेला. परतीच्या वाटेवर घाट उतरताना सायकलचं शेपूट एकदाही हललं नाही. मी मात्र टोकावड्याला थांबलो नाही.

त्याची माफी मागायची राहिली. मागायला अडचण काहीच नव्हती. किन्हवली काही लांब नाही. पण फोनवर तो इतकं पूर्वीसारखं बोलायचा की तो विषय काढायला जीभ उचलायची नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "थंडीत निघायचं का रे समुद्राला?" मी म्हणालो, "बघू." "बरं," म्हणाला. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

मधूचे दिवस झाल्यावर मी किन्हवलीला गेलो. वनिता वहिनींनी चहा दिला आणि आतून एक पुडकं आणून माझ्यापुढं ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं.

"भावजी, ही तुमची वाटी. श्रीवर्धनला गेलात तवा मी दोन दिल्या होत्या. एक त्यांची, एक तुमची."

मला काही कळेना. त्या सांगत होत्या. रक्तदाबामुळं त्या मधूला एकट्याला सोडायला तयार नव्हत्या. माझी सोबत आहे म्हटल्यावर हो म्हणाल्या. गेल्या थंडीत अलिबागहून श्रीवर्धनपर्यंत जाऊन आठ दिवसांनी तो परत आला होता.

"वहिनी," मी म्हणालो, "मी नव्हतो बरोबर… मी गेलोच नाही."

"ठावं हाय मला." त्या शांतपणे म्हणाल्या. "आल्यावर पिशवी मीच रिकामी केली ना. त्यांची वाटी वाळूनं घासून पांढरी झालती. ही कागदातून निघालीच नवती. मी काय बोलले नाय. रोज सांजेला फोन करायचे. आज यानं भात करपवला, आज यो समुद्रात उतरायला भ्याला… इतक्या हौसेनं सांगायचे, कशाला तोडू?"

मी त्यांना टोकावड्याचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी तिथं भेटलात ते बोलले होते. येवढंच बोलले, यानं सायकल चांगली घेतली, पर सामान बांधायला कुणी शिकवलं नाय त्याला." आणि पदर डोळ्यांना लावला.

ते पुडकं आता आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. हिनं विचारलं, भांड्यांत लावू का? मी नको म्हणालो. कधी वाटतं, श्रीवर्धनला जावं, तिथल्या वाळूत बसून दोरा सोडावा आणि त्या वाटीत एकदा भात खावा. पुढच्या महिन्यात जाऊ, असं मनाशी ठरवतोही… आणि ठरवता ठरवता माझाच आवाज मला ओळखू येतो.