माझा लाल ठिपका

ज्या कारखान्याचा फॉर्म रिकामा, त्याचा नकाशावरचा ठिपका लाल करायची कोडमधली ती ओळ मीच लिहिली होती. आधी तो करडा असायचा. करड्या ठिपक्यांनी नकाशा अर्धवट वाटतो, असं मॅनेजर म्हणाले आणि डेमो चांगला दिसावा म्हणून मी ते सगळे लाल करून टाकले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे बरेच छोटे कारखाने आहेत. वीज किती लागते, भंगाराचं काय करता, भूकंपात काम बंद पडलं तर माल कुठून देणार, हे त्यांनी पोर्टलवर भरायचं. जो लाल, त्याचं काम सिस्टिम आपोआप फॉर्म भरलेल्या हिरव्याकडे वळवणार. इचिकावा शहरातल्या रबरी वायसर बनवणाऱ्या आजोबांनी पोर्टलवर काहीच भरलं नव्हतं. त्यांनी फॅक्स पाठवला होता. तो कुणी वाचलाच नव्हता.

मला चैन पडेना. शनिवारी घराजवळच्या निशी-कसाई स्टेशनवरून तोझाई लाइनची मेट्रो पकडली आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आजींनी, वह्यांचा गठ्ठाच समोर ठेवला. मीटरचा रोजचा आकडा, उरलेलं रबर कुणाला दिलं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. भूकंपाचं विचारलं तर आजोबांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. शेजारीही वायसरचाच कारखाना. दोघांनी एकमेकांचे जादा साचे सांभाळून ठेवलेले, एकाचं बंद पडलं तर दुसऱ्याने करायचं. करार वगैरे काही नाही. माझ्या फॉर्ममध्ये शेजाऱ्याचा रकानाच नव्हता.

तरी जमेल तसं भरलं, बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, काम शुक्रवारीच वळवलं गेलं होतं. कुणाकडे, तर त्याच शेजाऱ्याकडे. त्याने फॉर्म वेळेत भरला होता. हे त्या दोघांना सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी मला चहा दिला.

सोमवारी मॅनेजरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फेरविचार सहा महिन्यांनी होईल म्हणाले. मी आतून धुमसत होते, पण चिडणार कुणावर? ओळ माझीच.

आठवड्याने आजींचा फोन आला. शेजारी काम परत देऊन गेला होता.

"खोके त्यांच्या नावाचे, वायसर आमचे," त्या म्हणाल्या. "ऑफिसात सांगू नका हं."

मी सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा त्यांचं काम जाणार. पण काही अघटित झालं तर कुणाचं काम थांबलं हे कळावं, म्हणूनच तर तो नकाशा बनवला होता! आणि काम वळवल्याबरोबर आजोबांचा ठिपका त्यावरून निघून गेला होता. परवा भरदुपारी जमीन हलली. ऑफिसात सगळे स्क्रीनपाशी जमले, शेजाऱ्याचा ठिपका हिरवा बघून मॅनेजर निर्धास्त झाले. मी जिन्यात जाऊन आजींना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.