पासवर्ड सगळ्यांचा, आळ तिच्यावर

गेल्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, आपल्या मच्छीमार सोसायटीने ऑपरेटर बाईला कामावरून काढलं. सवलतीच्या डिझेलच्या यादीतून एका होडीचं नाव उडालं होतं, आणि बदल करणारी म्हणून खाली हिचं नाव. ती माझी शेजारीण, आणि कॉम्प्युटर-सर्व्हर सांभाळणं माझं काम. म्हणून मी गेले.

तिच्या नावाने अख्खं ऑफिस लॉगिन करायचं. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. ती जेवायला उठली की सभासदसुद्धा बसून आपल्या होडीची पावती काढायचे.

"अगो, घरच्या माणसांत कुलपं कसली?" सेक्रेटरी म्हणाले.

"काका, घरचीच ना ती? मग काढलीत कशी?"

"तू आपली पत्रकं वाट."

मी सर्व्हरचा लॉग उघडला. कोण, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून आत शिरलं ते सर्व्हर आपण होऊन टिपतो, ती फाईल. ज्या दुपारी होडीचं नाव उडालं, नेमक्या त्या दुपारच्या ओळी गायब. फाईल कुणीही उघडावी, कुणीही खोडावी, अशीच ठेवलेली. दुसरी प्रत नाही.

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात बोली मोठ्याने लागते. नंतर कुणी फिरवली, तर ऐकणाऱ्या बायका त्याला तिथेच सोलतात. इथे ऐकणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तो दुसरा ऐकणारा मी बसवला. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. लॉग बघायची परवानगी एकट्या ॲडमिनला. आणि तोही खोडेल म्हणून, ओळ उमटताक्षणी तिची प्रत दापोलीतल्या दुसऱ्या मशीनवर. वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी गुप्त करून. इथून तिथे भर घालता येते, पुसता येत नाही. दोन्हीकडची घड्याळं जुळवली. सेक्रेटरींनी चहा पाजला.

"आता तिला परत घ्या."

"तिच्या बाजूने पुरावा कुठाय?"

"तुमच्यातल्याच कुणीतरी पुसला."

"त्याला तरी पुरावा कुठाय?"

पुढची चोरी पकडायची सोय मी करून दिली. झालेली तशीच राहिली. किती खेपा घातल्या, आता पाय उचलत नाहीत. ती सुकट निवडायला जाते. मी दारात दिसले की विचारायची, "काय गो, झालं काय?" मी नाही म्हणून मान हलवायचे. हल्ली ती विचारतही नाही.

पत्रक वाचताय ते तुम्ही सभासदच आहात. कॅलेंडरवरचा तो पासवर्ड तुम्हीही मारलाय. येत्या सभेत उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा, तिच्या नावाने मीसुद्धा आत गेलो होतो. मग बघू तिच्यावरचा आळ कसा टिकतो.