बाबांनी ओतून दिलेलं पाणी

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. भूत-बित, आत्मा-बित्मा… छे! अमावास्येला मुद्दाम नखं कापणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलंय आमच्याच घरात, तेही भर दुपारी.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा आणि सासरे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून बाबांनी सगळ्यातून अंगच काढून घेतलं — बोलणं नाही, दाढी नाही, पुढ्यात ठेवलं तर जेवायचं. त्यांना माणसात आणायला आम्ही काय काय करून पाहिलं, पण नाहीच.

त्यात पाईपच्या गॅसचं काम निघालं. गेटसमोर चर खणलेला, त्यावर डुगडुगती फळी, ब्रेकरची धडधड, घरभर धूळ… आणि कामगार मध्येच गायब! आई असत्या तर त्यांनी पहिल्या दिवशीच पाणी भरायला घेतलं असतं. "खणणारे आले की लाईन तुटणारच," म्हणायच्या. मग हंडा, कळशी, टोप, कुकरचे डबे, देवाचा तांब्यासुद्धा भरून ठेवायच्या. चहाचं पातेलं तेवढं नाही, त्याला वास असतो म्हणून. शेवटी बेसिनवरचा बाबांचा दाढीचा मग. दाढी चुकली की बाबा दिवसभर धुसफुसायचे ना! आम्ही आईंना यावरून जाम चिडवायचो. मी काही त्यांच्यासारखी भरत बसले नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघंही टिटवाळ्याला नणंदेकडे राहायला गेलो. निघताना मी सगळी भांडी घासून उपडी घातली होती. घराच्या चाव्या दोनच, एक माझ्या पर्समध्ये, एक नवऱ्याच्या खिशात.

रविवारी नवरा तिथूनच ड्युटीला गेला. मी आणि बाबा दुपारी परतलो तर गेटशी ही गर्दी. ब्रेकरने पाण्याची लाईन फोडलेली, सकाळपासून सगळ्यांचे नळ कोरडे! माझं डोकंच फिरलं. बाबांना फळीवरून पलीकडे नेलं, हातात चावी दिली, वर पाठवलं आणि सुपरवायझरला धरलं.

"मॅडम, जोड दिया. पाच मिनट में पानी आयेगा."

"तुमची पाच मिनिटं मी कधीपासून बघतेय!"

मनसोक्त भांडून वर आले, तर स्वयंपाकघरात नळ सुरू आणि बाबा बाह्या सरसावून कळशी भरतायत! चेहरा खुललेला. आई गेल्यापासून त्यांनी घरात इकडची काडी तिकडे केली नव्हती.

"बरं केलंस गं, सगळं भरून ठेवलंस," ते म्हणाले. "अगदी हिच्यासारखं, डब्यांपर्यंत. आता नवीन पाणी आलं, म्हणून शिळं ओतलं आणि परत भरतोय. हिचा नियमच होता ना तसा."

"बाबा… मी नाही भरलं."

त्यांचा हात थांबला. कळशी भरून वाहायला लागली. माझं लक्ष ओट्याकडे गेलं. चहाचं पातेलं तेवढं उपडं होतं.

"हे तुम्ही ओतलंत?"

"नाही गं. ते रिकामंच होतं."

मग तेच हळू आवाजात म्हणाले, "दाढीचा मग पण भरलेला होता."

"तोही ओतलात?"

"ओतला."

मोरीतून पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. बाबा खाली बसले. "घोटभर तरी प्यायलो असतो गं," म्हणाले आणि मोठमोठ्याने रडले. आई गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मला याची फार चुटपुट लागून राहिली आहे. मी आधी वर गेले असते तर ते पातेलं बघून मला लगेच कळलं असतं, मी बाबांचा हात धरला असता. भांडण काय, नंतरही झालं असतं.

शेजारीपाजारी विचारून झालं. नवरा म्हणतो, तूच भरलंस आणि विसरलीस. म्हणू दे. कुलूप होतं, चाव्या आमच्याकडेच होत्या… मला आजही कशाचाच मेळ लागत नाही.

गॅस आला, चर बुजला. आता केबलवाले खणायला आलेत. बाबा मला एकही भांडं भरू देत नाहीत. स्वतः मात्र रोज दाढी करतात. झाली की तो दाढीचा मग धुतात, कोरडा पुसतात आणि बेसिनवर सुलटा ठेवतात.