नसीमाभाभींच्या टिकल्या

नसीमाभाभी स्वतः कधी टिकली लावायच्या नाहीत, पण अष्टमी गावच्या बाजारात टिकल्यांची पाकिटं त्यांच्याइतकी कुणी घेत नसेल. बांगडीवाला दर वेळी हसायचा. त्या त्याला म्हणायच्या, "हसू नको. माझा नवरा आणि माझ्या पोरी, दोघांचा ठावठिकाणा ह्याच्यावरच हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमीत त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. नवरा मोठ्या बोटीवर खलाशी. दुकानाच्या भिंतीवर जगाचा नकाशा आणि बोट जिथे असेल तिथे समुद्रात एक लाल टिकली. सकाळी शटर वर गेलं की आधी मोबाइलवर बोट शोधायची, टिकली हलवायची, मग गिऱ्हाईक. नकाशाखाली एक लांब पुठ्ठा होता. त्यावर पाच चौकोन: घर, कॉलेज, जिल्हा, मंजुरी, बँक. ज्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भाभींनी भरले त्यांची एकेक टिकली, शेजारी पेन्सिलीने नाव. दर बुधवारी त्या सगळे अर्ज पोर्टलवर उघडून बघायच्या आणि टिकल्या सरकवायच्या. फॉर्म भरायचे पैसे घ्यायच्या, बघायचे कधी घेतले नाहीत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्जाची प्रिंट हातात पडताच उठले. भाभींनी मनगट धरून खाली बसवलं. "कुठं चाललीस गो? बोट सुटली म्हंजे पोचली नाय." मला तेव्हा ही बाई जरा जास्तच वाटली होती. माझा साधा हिशेब होता, फॉर्म भरला की सरकार आणि देव बघून घेतील.

आमचं घर खांब गावचं. भात आणि त्यामागून वाल, एवढीच शेती. पेणच्या कॉलेजात माझं बीएस्सीचं पहिलं वर्ष कसंबसं निभावलं होतं. दुसऱ्या वर्षाला बाबांनी स्वच्छ सांगितलं, "शिष्यवृत्ती आली तर पेण, नाय तर कंपनी." चुलतभावाने पॅकिंगच्या कामासाठी माझं नाव सुपरवायझरला देऊनही ठेवलं होतं. बाबांना दोष देत नाही. पण रोज सकाळी पेणच्या एसटीत बसताना ही शेवटची तर नाही ना, असं वाटायचं आणि मी कुणाला सांगायचे नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी भाभींचा फोन आला. "तुझी टिकली मागं आली. कॉलेजातनं घरी." उत्पन्नाचा दाखला पुसट आला म्हणून अर्ज दुरुस्तीला परत पाठवला होता. मेसेज बाबांच्या फोनवर गेल्या गुरुवारीच आला होता, पण अनोळखी मेसेज बाबा उघडतच नसत. आणि दुरुस्तीची मुदत त्याच दिवशी संपत होती. संध्याकाळी कॉलेज बंद व्हायच्या आत अर्ज कारकुनाकडून पुढेही जायला हवा होता.

मी तडक दुकान गाठलं. मूळ दाखला नीट स्कॅन करून पुन्हा चढवला. शेवटी पोर्टलने ओटीपी मागितला. आधारला नंबर बाबांचा, म्हणून त्यांना फोन लावला. ते वाल उपटायला शेतावर होते.

"ओटीपी सांगायचा नाय," बाबा म्हणाले.

"बाबा, मी बोलते, प्रणाली."

"आवाज तुझाच हाय. पण पंचायतीत पोलीस येऊन सांगून गेले, आवाज पण खोटा काढतात. पोटच्या पोरीला पण सांगायचा नाय." आणि फोन कट. तीनदा लावला, तीनदा तेच. आमच्या गावात सरकारी सूचना पाळणारा एकच माणूस आणि तो नेमका माझा बाप. मी रडायला लागले.

भाभी चिडल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. "बाप बरोबर बोलतो गो. त्याला खोटं का पाडायचं? आपण जाऊ." कोलाडवरून आम्ही खांब गाठलं. भाभी चपला हातात घेऊन बांधावरून चालत गेल्या आणि वालाच्या ढिगावर लॅपटॉप मांडला.

"भाऊ, तुम्ही कुणाला सांगू नका. मला नाय, पोरीला नाय. तुम्हीच टाका. आम्ही तोंड फिरवतो."

खरोखरच आम्ही दोघी पाठ करून डोंगराकडे बघत उभ्या राहिलो. मागे बाबा एका बोटाने एकेक आकडा शोधत होते. पहिल्यांदा वेळ संपली. भाभींनी मागे न बघता सांगितलं, "घाई नाय भाऊ, दुसरा येतो." दुसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "हिरवं काय तरी आलं." मी वळून बघितलं. अर्ज गेला होता.

पण कॉलेजपर्यंतच. भाभींनी तिथूनच पेणला कारकुनाला फोन लावला. ते म्हणाले, उद्या बघतो. "उद्या मुदत नाय साहेब. तुम्ही बघा, मी फोन ठेवत नाय." आणि खरंच ठेवला नाही. बाबांनी त्यांना बसायला घोंगडी आणून दिली. बऱ्याच वेळाने भाभींनी मान हलवली, "गेला जिल्ह्याला." बाबांनी डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि ते बराच वेळ पुसतच राहिले.

उन्हाळ्यात शिष्यवृत्ती जमा झाली. बाबा भाभींसाठी कडव्या वालांची पिशवी घेऊन माझ्याबरोबर दुकानात आले. माझी टिकली मंजुरीच्या चौकोनात होती. भाभी बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "सरकव." ती एवढीशी टिकली बँकेच्या चौकोनात दाबताना मला जो आनंद झाला, तो पुढे पदवी घेतानाही झाला नाही.

गेल्या वर्षी मी पेणलाच, दुसऱ्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. टेबल शिष्यवृत्तीचं. पेढे घेऊन अष्टमीला गेले, तर भाभींनी पेढा तोंडात टाकला आणि पुठ्ठ्यावरच्या दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आता हितं तू बसणार. हितंच बोटी अडकतात गो." शाबासकी एवढीच. पण माझ्या टेबलावर अर्ज मुक्काम करत नाहीत, हे मी अभिमानाने सांगते.

सहसा करत नाहीत, असं म्हणायला हवं. या बुधवारी दुपारी मी नुकताच डबा उघडला होता आणि फोन वाजला.

"मॅडम, वरसे गावातल्या एका पोरीची टिकली तुमच्या टेबलावर दोन दिवस हाय."

"भाभी, जेवून बघते."

"जेवा. मी फोन ठेवत नाय."

मी डबा झाकला. अर्ज उघडला, दाखले तपासले, पुढे पाठवला. मग फोन कानाला लावून म्हटलं, "सरकवा, भाभी."