रेघेवरची धार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे धाकटी ओतूरच्या कॉलेजात सायन्सला गेली, तेव्हा तिच्या अभ्यासात मी कधी तोंड घातलं नाही. पण बारावीचं प्रॅक्टिकल जवळ आलं आणि पोरगी नीट जेवेना. तिचा प्रयोग दर वेळी चुकत होता. मोजण्यातच कुठेतरी गडबड आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तिला नर्स व्हायचंय. माप चुकणारी नर्स कोण ठेवून घेईल, हे तिच्या मनात बसलं.

एक दिवस तिनं काठाचा टवका उडालेला काचेचा बीकर घरी आणला. टाकायचाच होता, तो मॅडमनी सरावाला दिला. त्याच्या अंगावर पांढऱ्या रेघा आणि आकडे होते. आकडे मला वाचता आले, उगाच बरं वाटलं.

"आई, तू पाणी वत, मी बघते. पन्नासच्या रेघेपर्यंत."

मी ओतलं. ती ओट्यापाशी गुडघ्यावर बसली आणि डोळा रेघेच्या समोर नेला. वरून बघितलं की फसायला होतं म्हणे. मलाही वाकायला लावलं. खरंच, पाणी कडेनं काचेवर चढलेलं आणि मधे बशीसारखं खोलगट. ती खोलगट जागा रेघेला टेकली पाहिजे. बीकरच्या रेघा तशा अंदाजाच्याच, नेमकं मोजायला उंच नळीसारखं भांडं वेगळं असतं. पण बघायची रीत तीच.

"आगं, वर गेलं की रेघेच्या!"

"थोडं वर पायजेच."

"कशाला?"

"रेघेशी थांबायचं म्हंजी चिंगूसपना."

आमच्याकडे तांदूळ मापताना पायलीच्या काठावर ढिगासारखी शीग चढवतात, दुधाच्या मापावर वरून एक धार देतात. तीही माझ्याच हाताखाली मापायला शिकलेली. ती हसायला लागली आणि मधेच थांबली.

"आई, मी बी लॅबमधी ह्येच करते. पाणी रेघेला येतं, अन् हात आपसूक वाईच वततो."

मग रोज चहाच्या वेळी आमचा सराव. ती रेघेशी थांबायला शिकली, मी मात्र सांडतच राहिले. "तुजा हात लई दानशूर हाय," असं चिडवायची.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी गवत कापायचं निमित्त करून फाट्यावर गेले. एसटीतून उतरताच ती लांबूनच ओरडली, "आई, जुळलं!" सगळे बघायला लागले. मी पदर तोंडावर घेतला, पण हसू काही आवरेना.

संध्याकाळी शेजारीण दुधाला आली. मी माप भरलं आणि इतक्या दिवसांच्या सरावानं हात पहिल्यांदाच बरोबर मापाच्या काठाशी थांबला. मागून पोरगी म्हणाली, "आई, काकूंना वरची धार दे की! ही काय लॅब हाय?"

मी धार दिली. जरा मोठीच दिली.