सात दिवस फुकट

नरसीच्या देवळाकडं तोंड करून सांगतो, यातलं एक अक्षर खोटं न्हाई. म्हणजे, दोन-चार असतील. आमच्या साखरा गावात फुकटाच्या गोष्टी लय साचल्या, काहून की फुकट म्हणून दिलेलं कोणालाच फुकट पडलं न्हाई!

झालं असं. मारामारीचा एक ऑनलाइन गेम आला. सात दिवस फ्री. अख्खं गाव आत शिरलं. आमच्या न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा ठेवला. "दोन मिनिटं थांबा, माझ्यावर हल्ला झाला!" गिऱ्हाईक टॉवेलाखाली फोन दाबत होतं. हल्ला त्यानंच केला होता.

*

आठव्या दिवशी स्क्रीनवर आलं, 'महिन्याचे ७९ भरा.' अख्खं गाव गेमबाहेर! ग्रामसभेतून बी इतके लोक एकदम उठत न्हाईत.

उरलो तिघं. मी, मेंढरंवाला गजा आन मोबाइल दुकानातला इरफान. महिन्याअखेरी शेजारच्या पुसेगावशी मॅच ठरलेली, टीम चौघांची. चौथा न्हाई तर न खेळताच हार. पुसेगावच्या पोरांनी स्टेटस बी टाकून दिलं, "साखऱ्याचे फुकटे!" डोस्कंच फिरलं. मी आन इरफाननं दात खात पैसे भरले.

*

गजा म्हणला, "मी भरत नसतो." त्यानं मायच्या नंबरवर नवीन सात दिवस सुरू केले.

माय रानात असतानी कंपनीचा फोन. "मॅडम, ट्रायल संपली. आठवड्यात चारशे जण मारले तुमी, प्लॅन घ्या की!"

"लेकरा, मी कोंबडी सुदिक कापत न्हाई!"

घरी आल्यावर मायनं गजाला चपलीची फ्री ट्रायल दिली. गजानं मुकाट ७९ भरले.

*

चौथा म्हणून इरफानचे चाचा धरले. शेळ्यांचे व्यापारी. त्यांचे सात दिवस बराबर मॅचच्या आदल्या दिवशी संपले. चाचा तापले.

"आमी बी म्हैस घेतानी तीन दिवस धार काढून पाहतो. पण चौथ्या दिवशी म्हैस येऊन खिशात हात घालत न्हाई!"

"चाचा, उद्या मॅच हाय. भरा ना."

"भाव केल्याबगर? ७९ कोनं ठरवलं? मला इचारलं?"

आता बाजारात जनावराचा भाव तोंडानं होत न्हाई. दोघं रुमालाखाली हात घालतात आन बोटं दाबून आकडा सांगतात. चाचांनी प्लॅनची यादी उघडी ठेवून फोनवर रुमाल टाकला. हात आत घातला. चाळीस सांगायला चार बोटं दाबली.

फोन थरथरला.

"मानला!" चाचा खुश.

रुमाल काढला. त्यांच्या फोनवरून पैसे बोटाच्या ठशानं जातात. आख्ख्या वर्षाचा प्लॅन घेतलेला!

चाचांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणले, "वर्षाचे गेले ना? आता वर्षभर खेळणार. कुठंय पुसेगाव?"

*

मॅच सुरू. मी मेलो. गजा मेला. इरफान मेला. इकडं एकटे चाचा, तिकडं पुसेगावचं एकच पोरगं. दोघं समोरासमोर. चाचांनी बंदूक खाली घेतली आन माइकवर इचारलं, "पोरा, कोणाचा रे तू?"

पोरानं बापाचं नाव सांगितलं.

"हात्तिच्या! त्याला तर मीच शेळी दिलीय. दूध देते का?"

"देते चाचा, लय देते. पण आता गोळी तुमी घालता का मी घालू?"

आमी तिघं चाचांच्या तोंडाकडं पाहून राहिलो. चाचांनी घसा साफ केला आन म्हणले...

थांबा. इथपर्यंत फ्री होतं. पुढचं ऐकायचं तर ७९ टाका.

काहून, राग आला? मला बी असाच आला होता. टाका!